वरची पट्टी, खालची पट्टी

मंडळी, या शनिवारी खरं तर डेटाबेसमधल्या कुलपांवर लिहायचं होतं. लेख अर्धा लिहून पडलाय. पण गुरुवारी रात्री मोझरीहून फोन आला आणि विषयच बदलला.

मोझरी म्हणजे गुरुकुंज मोझरी. अमरावतीहून नागपूरकडे निघालं की पस्तीसेक किलोमीटरवर, तिवसा तालुक्यात. तुकडोजी महाराजांनी १९३५ साली इथे आश्रम उभारला म्हणून गावाचं नाव सगळ्या विदर्भाला ठाऊक. माझ्यासाठी मात्र ते आधी मामाचं गाव आणि मग बाकी सगळं. फोन होता मामेभावाच्या मुलाचा. विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली, घरातला लॅपटॉप जुना, त्याच्यावर ११ चढत नाही, नवीन घ्यायला पैसे नाहीत. म्हणून पठ्ठ्याने लिनक्स टाकायचं ठरवलं.

"काका, पण गनोम घेऊ का केडीई? का मेट? का सिनॅमन? इथं त यादीच संपून नाही रायली. तुम्ही कोणतं वापरता?"

मी म्हटलं, रविवारी सांगतो. कारण या प्रश्नाचं एका वाक्यातलं उत्तर मी एकदा त्याच घरात देऊन बसलो होतो, आणि ते चुकलं होतं. ते पुढे येईलच. आधी जरा मागे जाऊ.

गंमत बघा, १४ ऑक्टोबर हीच तारीख. १९९६ साली याच दिवशी जर्मनीतल्या ट्युबिंगेन विद्यापीठातल्या माथियास एट्रिख नावाच्या विद्यार्थ्याने जाहीर केलं की युनिक्ससाठी सामान्य माणसाला वापरता येईल असा एक अख्खा डेस्कटॉप बनवायचा आहे, कोण कोण येतं? त्याचं नाव केडीई. एकोणतीस वर्षांनी त्याच तारखेला विंडोज १० चा पाठिंबा संपला आणि मोझरीतल्या पोरासमोर केडीई हा पर्याय म्हणून उभा राहिला. निव्वळ योगायोग. पण आम्हा लोकांना असल्या योगायोगांचं भारी कौतुक असतं :-)

ज्यांना हे डेस्कटॉप प्रकरण नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. विंडोज किंवा मॅकवर पडद्यावर काय दिसणार, खिडकी बंद करायचं बटण कुठे असणार, मेनू कुठून उघडणार, हे कंपनी ठरवते. लिनक्सवर तसं नाही. चित्र काढण्याचं खालचं काम बरीच वर्षं एक्स नावाची प्रणाली करत आली. ती एमआयटीत १९८४ साली जन्मली, आणि तिची अकरावी आवृत्ती १९८७ ची. एक्सवाल्यांनी सुरुवातीलाच एक धोरण पक्कं केलं: आम्ही साधन देणार, रीत सांगणार नाही. लग्नात मांडववाला बांबू, दोर आणि कापड आणून टाकतो, मांडव कुठल्या तोंडाचा, बोहलं कुठे, ते घरचे ठरवतात, तसंच हे. आता घरचे म्हटले की मतं आली. कोणी ट्वम बांधलं, १९९३ साली फव्हम आलं, मग आफ्टरस्टेप, विंडोमेकर, एनलाइटनमेंट... प्रत्येकाचा मांडव वेगळा. वर प्रत्येक प्रोग्रामची बटणं वेगळी, फाइल उघडायची चौकट वेगळी, कॉपी-पेस्टची तऱ्हा वेगळी. एट्रिखला खुपलं ते हेच. त्याला सुटे मांडव नको होते, अख्खं घर हवं होतं.

अमरावतीच्या होस्टेलवर हे सगळं आमच्यापर्यंत पोचलं ते पीसीक्वेस्टच्या सीडीतून. मासिकाबरोबर लिनक्सची सीडी यायची, ती एक जण विकत घ्यायचा आणि वीस जण लावायचे. मासिक कोणी वाचायचं नाही, सीडी मात्र ओरखडे पडून बाद होईपर्यंत फिरायची. पहिल्यांदा एक्स सुरू झालं तेव्हा करड्या जाळीचा पडदा आणि मधोमध फुलीचा कर्सर. आम्ही दहा मिनिटं तो कर्सर फिरवत बसलो. पुढे काय करायचं ते कोणालाच माहीत नव्हतं. मग कोणीतरी केडीई लावलं. खाली पट्टी आली, डाव्या कोपऱ्यात 'के' लिहिलेलं बटण आलं, आणि आमच्यातला एक जण मनापासून म्हणाला, "हे त विंडोजसारखंच हाय ना बे." त्या काळी ही शिवी होती का स्तुती, ते अजून ठरलेलं नाही.

केडीईचं पहिलं पक्कं रूप जुलै १९९८ मध्ये आलं. पण तोवर भांडण पेटलं होतं. केडीई उभं होतं क्यूटी नावाच्या साहित्यावर. बटणं, याद्या, खिडक्या हे तयार सामान. ते बनवलं होतं नॉर्वेतल्या ट्रोलटेक कंपनीने. क्यूटीचा कोड बघायला मिळायचा, मुक्त प्रकल्पांना फुकट वापरताही यायचं, पण परवाना मुक्त सॉफ्टवेअरच्या व्याख्येत बसत नव्हता. म्हणजे घर आपलं, पण वीट दुसऱ्याच्या भट्टीची, आणि उद्या त्याने भट्टी बंद केली तर?

म्हणून १५ ऑगस्ट १९९७ रोजी मेक्सिकोच्या मिगेल दे इकासाने आणि त्याच्या मित्रांनी गनोमची घोषणा केली. तारीख पुन्हा बघा. आपल्या स्वातंत्र्याला बरोबर पन्नास वर्षं झाली तो दिवस. त्या मेक्सिकन पोरांच्या डोक्यात भारत असण्याचं काही कारण नाही, पण होस्टेलवर आम्ही गनोमच्या बाजूने वाद घालताना हा मुद्दा सर्रास वापरायचो. गनोमचं सामान होतं जीटीके. ते गिम्प या चित्र-प्रोग्रामसाठी बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी केलेलं, परवाना पूर्ण मुक्त. गनोम १.० मार्च १९९९ मध्ये आलं आणि खरं सांगायचं तर भयंकर कोसळायचं. केडीई त्या मानाने दणकट. पण तत्त्वाला जागायचं म्हणून आम्ही काही जण गनोमवरच राहिलो आणि दर अर्ध्या तासाने काम सेव्ह करायची सवय लावून घेतली. ती सवय अजून आहे.

सप्टेंबर २००० मध्ये ट्रोलटेकने क्यूटी जीपीएलखाली आणलं. म्हणजे भांडणाचं मूळ कारण संपलं. भांडण संपलं का? छे! भाऊबंदकीत मूळचा बांध कोणाला आठवतो?

मधल्या काळात माणसं आपली इकडून तिकडे उड्या मारत राहिली. रेड हॅटमध्ये स्विचडेस्क नावाची एक छोटी आज्ञा होती. पुढे नाव लिहायचं, बाहेर पडून परत आत यायचं, की डेस्कटॉप बदललेला. सोमवारी केडीई, मंगळवारी गनोम, बुधवारी विंडोमेकर. परीक्षेच्या आदल्या रात्री तर हमखास. सप्टेंबर २००२ मध्ये रेड हॅट ८.० ने ब्लूकर्व्ह आणलं, म्हणजे गनोम आणि केडीई दोघांनाही एकसारखा पोशाख चढवला, जेणेकरून वापरणाऱ्याला फरकच कळू नये. दोन्हीकडचे चिडले. रेड हॅटमधला केडीईचा एक जाणता माणूस याच वादात नोकरी सोडून गेला. जुळ्या भावांना एकसारखे सदरे शिवले म्हणून घर सोडून जाणं... तेव्हा मला हे अगदी बरोबर वाटलं होतं. आता नाही वाटत.

इथवरचा इतिहास कुठेही वाचायला मिळेल. माझा मुद्दा वेगळा आहे. या सगळ्या धुमाळीत एक गोष्ट कोणत्याच डेस्कटॉपवर धड नव्हती, आणि ती म्हणजे आपली लिपी.

देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे, पहिल्याच आवृत्तीत, आपल्याच इस्की प्रमाणावरून घेतलेली. पण अक्षराला क्रमांक देणं वेगळं आणि ते पडद्यावर नीट उमटवणं वेगळं. इंग्रजीत एकापुढे एक खिळे मांडले की झालं. मराठीत 'कि' लिहिलं तर वेलांटी नंतर येते पण दिसते आधी. 'र्क' मध्ये र आधी येतो पण जाऊन बसतो डोक्यावर. जोडाक्षरांचं तर विचारूच नका. या जुळवणीला एक स्वतंत्र यंत्र लागतं. नव्वदीच्या दशकात आपल्याकडे यावर तोडगा होता तो फाँटचा. श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी, सीडॅकचे फाँट. त्यांत पडद्यावर मराठी दिसायची, आत मात्र इंग्रजी अक्षरंच असायची. फाँट काढून घेतला की हातात कचरा.

गनोमने इथे मोठं काम केलं आणि त्याचं श्रेय त्याला फारसं मिळत नाही. पँगो नावाचा भाग. ओवेन टेलर आणि राफ लेविएन या दोघांनी सुरू केला. नाव ग्रीक 'पॅन' म्हणजे सर्व, आणि जपानी 'गो' म्हणजे भाषा, यांतून. २००२ मध्ये जीटीके २ आणि त्याच्यावर उभं गनोम २ आलं ते पँगो पोटात घेऊनच. म्हणजे मेनू, फाइलींची नावं, साधा नोंदपाट, सगळीकडे देवनागरी आपोआप जुळायला लागली. क्यूटीत भारतीय लिप्यांची सोय नंतर आली. इंडलिनक्सवाल्यांनी हिंदीत आणलेला 'मिलन' हा गनोमचाच होता. सीडॅकने जानेवारी २००७ मध्ये काढलेलं बॉस हेही डेबियनवर उभं आणि वर गनोम.

अक्षरं आली पुण्यातून. श्रीलिपीवाल्या मॉड्युलर इन्फोटेकने घडवलेले भारतीय लिप्यांचे फाँट रेड हॅटने 'लोहित' या नावाने मुक्त परवान्यावर दिले. लोहित म्हणजे लाल, लाल टोपीवाल्यांना शोभेलसं नाव. त्यात हिंदीचा आणि मराठीचा फाँट वेगवेगळा होता. का? कारण आपला ल आणि श त्यांच्याहून वेगळा. पाकळीचा ल आणि देठाचा श. पुढे ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयात महाराष्ट्र सरकारनेही ही रूपं प्रमाण म्हणून लिहून टाकली.

आणि मग आलं आमच्या वऱ्हाडचं दुखणं. वऱ्हाड हा शब्द बघा. त्यात र आहे, पण तो रफार होऊन डोक्यावर चढत नाही, पापणीसारखा आडवा ह ला बिलगतो. हा अर्धा र संस्कृतात नाही, हिंदीत नाही. मराठीत मात्र पावलोपावली: शेतकऱ्याचा, दुसऱ्या, बऱ्याच, तऱ्हा. चुकला तर नुसतं रूप बिघडत नाही, अर्थ बदलतो. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या डोंगरातल्या. आचार्यांना बोलावलं तर व्याख्यान होतं, आचाऱ्यांना बोलावलं तर जेवण. आणि यंत्राला तो कसा सांगायचा? युनिकोडमध्ये दोन वाटा आहेत. एक म्हणजे खाली टिंब असलेला ऱ घेऊन त्याला हलन्त लावायचा. दुसरी म्हणजे साधा र, हलन्त आणि त्यानंतर एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखे. पोटात वेगळे. हे लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

कुठलंही नवीन डेस्कटॉप लावलं की मी आजही पहिला शब्द टंकतो तो 'वऱ्हाड'. फाइलीचं नाव म्हणून. बाकीच्या परीक्षा नंतर.

आता मामा. मामा मोझरीजवळच्या एका शाळेत मराठीचे मास्तर होते, २००३ मध्ये निवृत्त झाले. निवृत्तीनंतर त्यांनी एक काम हातात घेतलं: वऱ्हाडी शब्द आणि म्हणी गोळा करायच्या. शेतीचे, बैलांचे, कपाशीचे, बायकांच्या ओव्यांतले. सहा-सात दोनशेपानी वह्या भरल्या होत्या. मामेभावाने २००४ मध्ये एक जोडणीचा संगणक आणला, अमरावतीच्या एका दुकानातून, अर्थातच चोरीच्या विंडोजसकट. मामांनी फाँटमध्ये साठेक पानं टंकली. मग व्हायरस आला, दुकानदाराने सगळं पुसून परत विंडोज टाकलं, आणि साठ पानं गेली. मामा काही बोलले नाहीत. वही उघडून पहिल्यापासून परत सुरुवात केली.

२००६ च्या उन्हाळ्यात उबुंटू ६.०६ आलं. तेव्हा उबुंटूवाले मागाल तेवढ्या सीड्या पोस्टाने घरपोच पाठवायचे, एक पैसाही न घेता (ही सोय २०११ मध्ये बंद झाली). माझ्याकडे दहांचा गठ्ठा आला होता. त्यातली एक घेऊन मी मोझरीला गेलो आणि गनोम २ लावून दिलं. वर एक पट्टी, खाली एक पट्टी. वरच्या पट्टीवर मेनू आणि घड्याळ, खालच्या पट्टीवर उघडलेल्या खिडक्या. मामांनी पहिल्याच दिवशी नावं ठेवली: वरची पट्टी, खालची पट्टी. पॅनल हा शब्द त्या घरात कधी आलाच नाही.

मामांना टंकलेखन यंत्राचा सराव होता आणि मी देत होतो इन्स्क्रिप्ट. कळांच्या जागा सगळ्या वेगळ्या. मामींनी कॅलेंडरच्या मागच्या कागदावर अक्षरं लिहून, कापून, कळांवर चिकटवून दिली. महिनाभरात मामा बरे टंकायला लागले. वरच्या पट्टीवर कोपऱ्यात मी भाषा बदलायचं छोटं चिन्ह ठेवलं होतं. त्यावर टिचकी मारली की मराठी, परत मारली की इंग्रजी. एवढंच त्यांचं लिनक्स.

एकदा संध्याकाळी आश्रमातली सामुदायिक प्रार्थना आटोपून परत येताना त्यांनी विचारलं, "हे बनवलं कोनं? कंपनीचं नाव काय?" मी सांगायला लागलो, जगभरातली माणसं, बरीचशी बिनपगारी, आपापल्या घरून... त्यांनी मध्येच तोडलं, "म्हंजे श्रमदान." झालं. मी पुढची वीस मिनिटं जे सांगणार होतो ते एका शब्दात आटपलं.

लोडशेडिंगचे दिवस होते ते. दिवसातून काही तासच वीज, तीही सांगून जाईल तर शपथ. पण फाइली वाचल्या. सहा वर्षांत मामांनी पाच वह्या चढवल्या. ८.०४ झालं, १०.०४ झालं, मी दर दोन वर्षांनी नवी आवृत्ती लावायचो, पट्ट्या दोन्ही जागच्या जागी.

या काळात बाहेरच्या जगात काय चाललं होतं? जानेवारी २००८ मध्ये केडीई ४.० आलं. सगळं नव्याने लिहिलेलं आणि अर्धं कच्चं. बनवणारे म्हणत होते की हे हौशी लोकांसाठी आहे, पण वाटणाऱ्यांनी ते सगळ्यांच्या गळ्यात घातलं. मग एप्रिल २०११ मध्ये गनोमने तेच केलं. गनोम ३ मध्ये खालची पट्टी नाही, खिडकी लहान करायचं बटण नाही, सगळं नवीन आणि भारी ग्राफिक्स कार्ड मागणारं. त्याच महिन्यात उबुंटूने गनोमचं कवच सोडून स्वतःचं युनिटी लावलं. खुद्द लायनस टोरवाल्ड्स वैतागून एक्सएफसीईवर गेला (२०१३ मध्ये परतही आला). मला स्वतःला युनिटी आवडलं होतं. डावीकडे चित्रांची उभी रांग, मेनू सगळ्यात वर चिकटलेला, पडद्याची जागा वाचते. मी हापिसात त्याच्यावर भाषण दिलं होतं.

आणि त्याच जोशात २०१२ च्या दिवाळीत मोझरीला जाऊन मामांच्या यंत्रावर १२.०४ चढवलं. घाईत. दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी होती. मामांना अर्धा तास समजावून सांगितलं, त्यांनी मान डोलावली. वऱ्हाड टंकून बघितलं, व्यवस्थित आलं. निघालो.

फेब्रुवारीत फोनवर सहज विचारलं, किती झालं? मामा म्हणाले, "चालू हाये." मामेभावाला विचारलं तर तो म्हणाला, "बाबा वहीतच लिहितेत आता. रातच्याला तुही वहिनी तिच्या लॅपटॉपवर टाइप करून देते." मी परत मामांना फोन केला. बरंच इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाले, "खालची पट्टी कोठी गेली ते मले समजलं नाही बाप्पा. एक पान उघडलं का दुसरं हरवते. अन् थे मराठीचं बटन सापडलं नाही. तुले कायले सांगा, तू कामात."

तीन महिने. ज्या माणसाची साठ पानं पुसली गेली तेव्हा तो थांबला नव्हता, तो माझ्या आवडीच्या डेस्कटॉपमुळे थांबला.

तांत्रिक कारण नंतर सापडलं. भाषेची निवड प्रत्येक डेस्कटॉप आपापल्या खिशात ठेवतो. गनोम २ मधली माझी मांडणी युनिटीने जशीच्या तशी उचलली नव्हती, मराठी होती पण ती नव्या मेनूच्या आत. मी स्वतः टंकून बघितलं ते माझ्या सवयीच्या कळा दाबून. त्यांना लागत होतं ते चिन्ह कुठे आहे हे मी बघितलंच नव्हतं. लिहिताना आजही लाज वाटते.

सुदैवाने माझ्यासारखे दुखावलेले जगात पुष्कळ होते. अर्जेंटिनातल्या एका आर्च लिनक्सवाल्याने २०११ मध्येच गनोम २ चा कोड उचलून तो वेगळा जिवंत ठेवायला घेतला होता. नाव मेट, त्यांच्याकडच्या चहासारख्या पेयावरून. (तिकडे जुन्या केडीई ३.५ लाही ट्रिनिटी नावाने असंच कोणी कोणी सांभाळत होतं.) लिनक्स मिंट १३ मेटसह आलं होतं. मी डीव्हीडी घेऊन होळीच्या सुट्टीत मोझरीला गेलो. मिंटवर मुळात एकच पट्टी असते, खालची. वरची मी स्वतः वाढवली, मेनू तिथे नेला, घड्याळ तिथे नेलं, आणि कोपऱ्यात भाषेचं चिन्ह. या वेळी दोन दिवस राहिलो आणि त्यांच्या शेजारी नुसता बसलो. मामांनी खुर्ची ओढली, टिचकी मारली, आणि काही न बोलता टंकायला लागले. मामींनी चहा आणला तेव्हा फक्त म्हणाले, "आली पट्टी."

त्यानंतर मी त्या यंत्राला हात लावला तो फक्त सुरक्षेच्या सुधारणांसाठी. मामा २०१९ मध्ये गेले. सातवी वही अर्धी राहिली.

डेस्कटॉपचा प्रश्न आता जुन्यासारखा राहिला नाही, हेही सांगायला हवं. एकेकाळी एकाच यंत्रावर तीन जुळवण्या चालायच्या: गनोमची पँगो, केडीईची क्यूटीतली, आणि ओपनऑफिसची आयसीयू. एकीकडे बरोबर दिसलेला शब्द दुसरीकडे फुटायचा, म्हणून मराठी लिहिणाऱ्याने कोणता डेस्कटॉप घ्यावा याला खरंच अर्थ होता. मग हार्फबझ आलं. फारसीत 'हर्फ बाझ', म्हणजे खुलं अक्षर. बेहदाद एस्फाबोद या मूळच्या इराणी माणसाने ते नव्याने लिहिलं. २०१२ च्या सुमारास पँगोने ते घेतलं, २०१३ मध्ये लिबरऑफिसने लिनक्सवर घेतलं, क्यूटीनेही घेतलं. आज गनोम काय आणि केडीई काय, वऱ्हाड एकाच यंत्रातून निघतं. अरबी-फारसीच्या जुळवणीत वाढलेल्या माणसाने आमच्या पापणीचा र मार्गी लावावा, हेही एक प्रकारे रास्तच. ज्याची लिपी सरळ खिळ्यांची नाही त्यालाच हे दुखणं कळतं.

तर शुक्रवारी रात्री त्या पोराला फोन लावला. म्हटलं, कोणतंही घे, पण आधी आबांची फाइल उघडून बघ. त्याने पेनड्राइव्हवरूनच एक एक लावून बघितलं. केडीईच्या प्लाझ्मात उघडली, गनोमवर उघडली. सगळं स्वच्छ. पण थोड्या वेळाने परत फोन.

"काका, आबांच्या फायलीत वऱ्हाड शोधलं त काही जागीच सापडते. पुढं डोळ्यांनी दिसून रायलं हाये, पन शोधलं का नाही सापडत."

मी फाइल मागवली. बघितलं तर नेमकी डिसेंबर २०१२ ते मार्च २०१३ ची पानं. वहिनींनी टंकलेली. त्या इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटवायच्या साधनाने टंकायच्या, आणि ते साधन अर्ध्या र साठी दुसरी वाट घेतं, न दिसणाऱ्या जोडचिन्हाची. मामांची पानं इन्स्क्रिप्टची, तिथे टिंबाचा ऱ. दिसायला एकच अक्षर, शोधायला दोन. माझ्या त्या दिवाळीची खूण फाइलीत अशी राहून गेली होती.

एका ओळीची आज्ञा लिहिली आणि सगळे अर्धे र एका वाटेवर आणले. चारशे बारा जागी बदल झाला. मूळ फाइल तशीच वेगळी ठेवायला सांगितली आहे.

पोराने शेवटी प्लाझ्मा घेतला. मी आवड विचारली नाही, त्यानेही माझी परत विचारली नाही. आज सकाळी पडद्याचा फोटो पाठवलाय: वर एक पट्टी, खाली एक पट्टी, कोपऱ्यात भाषेचं चिन्ह. फोटोखाली प्रश्न होता, सातवी वही तो टंकायला घेतोय, तर इन्स्क्रिप्टवर वऱ्हाड कसं लिहायचं.

बी, शिफ्ट-जे, डी, यू, ई, आणि पी च्या शेजारची चौकटी कंसाची कळ.